बोटभर फट

माझ्यावर ज्यांचे उपकार सर्वांत मोठे, ते चाकणचे बॅटरीवाले चाचा. त्यांचं खरं नाव एका सरकारी कागदावर छापलेलं आहे. ते तिथपर्यंत कसं पोहोचलं तेवढंच मला सांगायचं आहे. इथं मी त्यांना चाचाच म्हणतो, कारण आम्ही सगळे त्यांना तेच म्हणत होतो.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. शाळा मराठी, कॉलेजही जवळच्याच गावात. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झालो आणि एका दूरच्या नातेवाइकाच्या ओळखीनं चिंचवडला आलो. तो काळ असा होता, की पिंपरीपासून चिंचवडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने उभे राहत होते. सकाळचा भोंगा झाला की एवढी माणसं सायकलींवरून एका दिशेनं जात, की मी पहिले काही दिवस नुसता बाजूला उभा राहून बघत असे.

मला नोकरी मिळाली ती मोठ्या कंपनीत नव्हे. स्टेशनच्या मागे पत्र्याची एक शेड होती, तिथं अठरा-वीस माणसं बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या बनवत. मोठ्या कारखान्यांत एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये माल न्यायला या ट्रॉल्या लागत. माझ्या हुद्द्याचं नाव होतं टेक्निकल असिस्टंट. काम म्हणजे इंग्रजी पत्रं लिहायची आणि सांगतील ती चित्रं काढायची.

चाचा आठवड्यातले तीन दिवस यायचे. चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर त्यांचं स्वतःचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. एस. टी.नं नाशिक फाट्याला उतरायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनानं शेडवर. पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत. अंगातल्या सदऱ्याला तेजाबानं पडलेली बारीक भोकं. मराठी आणि उर्दू वाचता यायचं, इंग्रजी अक्षर ओळखीचं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी माझं ज्ञान दाखवायला निघालो. फरशीवर खडूनं समीकरण लिहिलं आणि बॅटरी उतरताना आत काय घडतं ते समजावून सांगितलं. बाकीचे गालात हसत होते. चाचा मात्र उकिडवे बसून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हंजे बॅटरी उतरली की आत पाणी वाढतं व्हय?"

"हो, चाचा."

"तरीच. सांच्याला तेजाब बोटाला पातळ लागतं. तीस वरसं लागतंय. का, ते आज कळलं." मग ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हसू नगा रे. बीएस्सीनं माझ्या बोटाचं गणित सोडवलं."

तेव्हापासून मी शेडवर बीएस्सी झालो. त्या नावात चेष्टा होती, पण चाचांच्या तोंडून ते ऐकताना मला पदवी दुसऱ्यांदा मिळाल्यासारखं वाटायचं.

आता पेटीबद्दल. आज तिला मॉड्यूल म्हणतात. आम्ही पेटीच म्हणायचो. लाकडाच्या एका पेटीत सहा सेल, तीन-तीनच्या दोन रांगा, वरून शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले. ट्रॉलीत अशा दोन पेट्या. तेव्हाची रीत अशी, की सेल पेटीत ठेवायचे आणि भिंत आणि सेल यांच्यामध्ये लाकडी पाचरी ठोकून ते घट्ट करायचे. पण कारखान्यांमधले रस्ते खडबडीत. महिनाभर धक्के खाल्ले की पाचरी सैल व्हायच्या, सेल एकमेकांवर आपटायचे, कधी शिशाची पट्टी तुटायची, कधी सेललाच तडा जाऊन तेजाब गळायचं. पेट्या परत यायच्या. आम्ही आणखी जाड पाचरी ठोकून पाठवायचो. त्या पुन्हा परत यायच्या.

एक दिवस चाचांनी स्वतःच्या दुकानात बनवलेली पेटी आणली. बाहेरून तशीच. आत तळाला मात्र फळ्या सपाट नव्हत्या. दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेकडं त्यांना हलकासा उतार होता, इतका थोडा की सांगितल्याशिवाय दिसला नसता. सेलांच्या दोन्ही रांगा एकमेकींकडे जराशा झुकून, खांद्याला खांदा टेकून उभ्या. आणि बाहेरच्या भिंतींपाशी पाचरी नव्हत्याच. दोन्हीकडे मोकळी फट.

"चाचा, हे तर हलतंय," आमचा फिटर म्हणाला.

"हलू दे की."

त्यांनी कागदाचा एक कपटा घेतला, दोन रांगांच्या मध्ये सरकवला आणि मला म्हणाले, "बीएस्सी, वढून बघ." मी ओढला, तो सहज निघाला. त्यांनी तो पुन्हा तिथंच सरकवला. पेटी हातगाडीवर चढवली आणि गाडी शेडमागच्या खडीवरून फिरवायला लावली. आम्ही आळीपाळीनं ढकलत होतो. गाडी अशी उडत होती, की फिटर म्हणाला, "चाचा, आता आत फक्त चटणी मिळणार." वीस फेऱ्या झाल्यावर चाचांनी गाडी थांबवली.

"आता वढ."

मी ओढला. कपटा निघेना. जोर लावला तसा तो फाटून अर्धा माझ्या हातात आला.

ज्या धक्क्यांनी आमच्या पेट्या सुटायच्या, त्याच धक्क्यांनी ही पेटी आवळत होती. उतारावरचं वजन, त्याचे दोन भाग, घर्षण, हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण त्यातून असं काही करता येतं, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मालक हुशार आणि मनानं सरळ होते. त्यांनी लगेच ठरवलं की याचं पेटंट घ्यायचं. मुंबईच्या कार्यालयातून अर्जाचे नमुने मागवले. अर्ज कारखान्याचा, पण त्यात एक रकाना होता: खरा आणि पहिला शोधक. ते शब्द मी इंग्रजीत वाचले आणि थबकलो. नुसता शोधक नाही, खरा. आणि नुसता खरा नाही, पहिला.

"तुझंच नाव टाक तिथं," मालक म्हणाले. "ग्रॅज्युएट माणूस दिसला की साहेबाला पटायला सोपं जाईल. चाचांना काय, ते हसतील."

खरं तर तेव्हाच आजूबाजूच्या शेडमधून लोक येऊन मला विचारू लागले होते, "काय राव, तुम्हीच काढली म्हणे ती पेटी?" शिकलेला मी, म्हणून पेटीही माझीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. चाचांनी कधी कुणाला टोकलं नाही. मी टोकायचो, पण लोकांना तो माझा विनय वाटायचा. हे बोलून मिटणारं नव्हतं. कुठंतरी पक्कं लिहिलं जायला हवं होतं.

मी मालकांना म्हटलं, "साहेब, रकान्यात खरा आणि पहिला असं लिहिलंय. मी दुसराही नाही."

मालकांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बरं. चाचांचं नाव टाक. पण मग हे पार नेण्याची जबाबदारी तुझी. अडलं तर ते तुझ्या इंग्रजीमुळं अडलं, असं मी समजेन."

ते खरोखरच माझ्या इंग्रजीमुळं अडलं.

चाचा सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. शेडच्या कोपऱ्यात पेटी मध्ये ठेवून आम्ही चार दिवस बसलो. ते म्हणाले, "सेल पेटीत बसल्याला असतो." मी ते वहीत मराठीत टिपलं, घरी शब्दकोश उघडला आणि इंग्रजीत लिहिलं: सेल पेटीत 'फर्मली फिक्स्ड' असतात. दोन्ही शब्द 'फ'चे, ठसठशीत. मला ते फार आवडले. मोठ्यानं चार-पाच वेळा वाचलेही.

चित्राच्या वेळी मात्र चाचा हटून बसले. मी फट अंदाजानं काढली होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. "किती धरलीस?"

"थोडी, चाचा. दाखवण्यापुरती."

"थोडी म्हंजे? हितं माझं बोट गेलं पायजे. न्हाई गेलं तर ती पेटी माझी न्हाई." आणि बोट पुढं करून म्हणाले, "मोज."

मी ड्रॉवरमधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि चाचांचं बोट मोजलं. सगळी शेड काम थांबवून बघत होती. "चाचा, अंगठी बनवताय का काय?" फिटर ओरडला. बोट अठरा मिलिमीटर भरलं. ते प्रमाणात आणून मी ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईनं फट काढली. चाचांनी चित्र उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "आता झाली."

अर्ज गेला. दीडेक वर्ष काहीच आलं नाही. मध्यंतरी मी पिंपळे गुरवला खोली घेतली, धाकट्या भावाला शिकायला आणलं. चाचा दर आठवड्याला विचारायचे, "आपला कागुद काय म्हंतो?" मी म्हणायचो, अजून त्याचा नंबर आला नाही.

मग एक लांबट सरकारी लिफाफा आला. अर्ज तपासणारे साहेब कोण, कसे, काहीच माहीत नव्हतं. खाली नुसती सही. आक्षेप तीन. पहिला: या पेटीत नवीन काही नाही. सेल पेटीत घट्ट धरून ठेवण्याची व्यवस्था एका इंग्रजाच्या जुन्या पेटंटमध्ये आलेलीच आहे. त्याचा क्रमांकही दिला होता. दुसरा: दुसरी आकृती आणि वर्णन यांचा मेळ बसत नाही. तिसरा किरकोळ, कागदावर सोडायच्या समासाबद्दल. त्या पत्राच्या तारखेपासून पंधरा महिन्यांत सगळं निस्तरलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाणार होतं.

"काय राव, नापास?" फिटरनं विचारलं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी उत्तरांमागून उत्तरं लिहिली. आमची पेटी जास्त घट्ट आहे, असं लिहिलं. अतिशय घट्ट आहे, असं लिहिलं. प्रत्येक वेळी सभ्य शब्दांत तेच परत यायचं: घट्ट धरणं हे जुनंच. आणि दुसरा आक्षेप तसाच उभा.

त्या दुसऱ्या आक्षेपावर मी बराच विचार केला आणि मला उत्तर सापडलं असं वाटलं. वर्णनात सेल पक्के धरलेले आणि चित्रात बाजूला मोकळी फट. पक्क्या धरलेल्या वस्तूशेजारी फट कशी असेल? म्हणजे चित्र चुकलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्याकडची ट्रेसिंगची दुसरी प्रत बाहेर काढली आणि फटीची रेघ खरवडायला ब्लेड घेतलं. ब्लेड रेघेला लागलं. शाईचा बारीक भुगा निघाला.

आणि मला ते बोट आठवलं. व्हर्नियरच्या दोन दातांमध्ये धरलेलं, तेजाबानं कातडं कडक झालेलं बोट. निदान विचारून तरी खोडावं, असं म्हणून मी ब्लेड खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून चाकणला गेलो.

बाजाराचा दिवस होता. कांद्याची आवक एवढी, की रस्त्यावरूनच वास येत होता. चाचांचं दुकान बाजारापासून हाकेच्या अंतरावर. मी चित्र समोर ठेवलं.

"चाचा, ही फट ठेवायलाच हवी का? साहेब म्हणतात, वर्णनाशी जुळत नाही."

"वर्णनात काय लिव्हलंय?"

मी मराठीत सांगितलं, "सेल पेटीत पक्के बसवलेले आहेत."

चाचांनी चष्मा काढला. "काय म्हनलास? बसवल्याले?"

"हो."

"मी कवा सांगितलं बसवायचे म्हनून?"

"तुम्हीच म्हणालात, सेल पेटीत बसलेला असतो. वहीत आहे माझ्या."

"बसल्याला!" चाचा ओरडलेच. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि बाजारात नेलं. एक हमाल पोत्यात कांदा भरत होता. निम्मं भरलं की पोतं दोन्ही कानांना धरून उचलायचा आणि जमिनीवर दाणकन आपटायचा. कांदा खाली जायचा, वर जागा व्हायची, मग तो आणखी भरायचा.

"त्या पोत्यात कांदा कोन बसवतो?" चाचांनी विचारलं.

"तो हमाल."

"त्यो आपटतो निस्ता. त्याला काय ठावं कुठला कांदा कुठं? एकेक कांदा हातानं बसवाय गेला तर दिस जाईल आन पोतं ढिलंच ऱ्हाईल. धसका दिला की कांदा आपला आपन बसतो. त्याला हलाय जागा हाय म्हनून बसतो." मग माझ्याकडं वळले. "पाचर ठोकून बसवत्यात ती त्या इंग्रजाची पेटी. आपल्या पेटीत बसवायचं न्हाई, बसू द्यायचं. ती फट खोडलीस तर ऱ्हायलं काय?"

हमालानं आमच्याकडं बघून विचारलं, "काय चाचा, पोरगं कांदं घ्याया आलंय का शिकाया?"

"बीएस्सी हाय त्यो," चाचा म्हणाले. "शिकायाच आलाय."

मी हसूही शकलो नाही. लहानपणापासून मी ही भाषा बोलत आलो होतो. पाहुणा बसला आणि पाहुण्याला बसवलं, यांतला फरक मला कुणी शिकवावा लागला नव्हता. पण इंग्रजी लिहायला बसलो की घरची भाषा बाहेर चपलांपाशी ठेवून आत जायची, अशी माझी सवय. एका अक्षराचा तो फरक तिथंच, चपलांपाशी राहिला होता. आणि त्यापायी मी चाचांची पेटी वर्षभर परक्या माणसाला देत होतो.

चूक कळली, पण भीती वाढली. नियम मी वाचले होते. अर्ज दिल्यानंतर शब्द दुरुस्त करता येतात, नवीन गोष्ट आत घालता येत नाही. मूळ कागदात जे नव्हतंच, ते आता आठवलं असं म्हणून चालत नाही. आणि मी तर मूळ कागदात नेमकं उलटं लिहिलं होतं. मुदतीला दोन महिने उरले होते. मी भेटीची वेळ मागितली. ती मिळाली.

आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं मुंबईला गेलो. चाचांनी रिकाम्या सेलांची एक पेटी खांद्यावर घेतली होती. "बघितली की पटंल त्यास्नी," म्हणत होते. धुतलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी. कार्यालयात जाताना त्यांनी चपला काढायला सुरुवात केली. शिपाई म्हणाला, "असू द्या, असू द्या."

ती खोली मला कधी विसरता येणार नाही. जमिनीपासून छतापर्यंत बांधीव खंड. जगभरातल्या माणसांनी काय काय शोधून काढलं ते सगळं तिथं नंबर घालून उभं होतं. कुणाचा स्क्रू, कुणाचं कुलूप, कुणाचा माग. त्यांतली बहुतेक माणसं कधीच मरून गेली असणार. आणि या सगळ्यांशी चाचांच्या पेटीची गाठ घालून बघणारा माणूस टेबलापाशी पेन्सिल टोकदार करत बसला होता. चाळिशीचा, साधा बुशशर्ट, पुढ्यात आमची फाइल.

"हे कोण?" साहेबांनी मराठीतच विचारलं.

"हे शोधक, सर."

"न्हाई साहेब," चाचा घाईनं म्हणाले, "मी बॅटरीवाला."

साहेब हसले. त्यांची नजर पेटीकडं गेली. चाचा ती टेबलावर ठेवायला पुढं झाले, तसा त्यांनी हात वर केला. "ती बाहेर राहू द्या."

"बघा तर खरं साहेब. एकदा बघितली की—"

"म्हणूनच बघायची नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "पेटी बघितली, की कागदात जे राहिलंय ते माझं मन आपोआप भरून काढणार. उद्या हा कागद वाचून कुणाला पेटी करायची झाली, तर त्याच्यासमोर तुमची पेटी नसणार. त्याच्यासमोर जे असेल तेवढंच मी बघायचं."

चाचा पेटी उचलून बाहेर ठेवून आले आणि हळूच मला म्हणाले, "मानूस पक्का हाय."

साहेबांनी दुसरी आकृती काढली आणि पेन्सिलीचं टोक नेमकं फटीवर ठेवलं. "वर्षभर मी याबद्दल विचारतोय आणि तुम्ही मला पेटी किती घट्ट आहे ते सांगताय. तुमच्या शब्दांत फट नाही. चित्रात आहे. दोघांपैकी खोटं कोण?"

"शब्द, सर."

"कशावरून? चित्र काढताना हात सरकला असेल."

"हात सरकला नाही, सर. ती या चाचांच्या बोटाची जाडी आहे. मोजून काढलीय."

साहेबांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी बोट पुढं केलं. "हे बोट, साहेब."

"आणि बोटभर जागा कशासाठी?"

"सेलला हलाय. हलला तर बसंल. ठोकून बसवला तर पयल्या धसक्याला उठंल."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मनातल्या मनात ते काहीतरी पुन्हा वाचत असावेत, कारण नजर आमच्यावर नव्हती. मग त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलून तळाच्या उतारावर फिरवली, तिथून फटीपर्यंत आणली, आणि पुन्हा उताराकडं नेली. अगदी सावकाश. पेटी बाहेर शिपायाच्या स्टुलाशेजारी होती. पण त्या क्षणी ती कागदावर हलताना त्यांना दिसली, हे मी शपथेवर सांगेन. मी ती अडीच वर्षं हाताळली होती आणि मला दिसली नव्हती. त्यांनी ती कधीच पाहिली नव्हती, आणि वर्षभरापूर्वीच त्यांचं बोट बरोबर फटीवर पडलं होतं.

"मराठी माध्यम?" त्यांनी मला विचारलं.

"हो, सर."

"माझंही. 'बसलेला' म्हणजे फिक्स्ड. मीही तेच लिहिलं असतं." मग त्यांचा आवाज पुन्हा कार्यालयाचा झाला. "उतार चित्रात आहे. मोकळी जागा चित्रात आहे. म्हणजे गोष्ट पहिल्या दिवसापासून कागदात आहे, तुम्ही ती नीट सांगितली नाही. तेवढं दुरुस्त करता येईल. शब्द मी सुचवणार नाही, ते माझं काम नव्हे. चित्रात आहे तेवढंच लिहा. केसभर जास्त लिहिलंत, तर तो केस मी काढून टाकीन."

परतीच्या गाडीत चाचा खिडकीशी बसले होते, पेटी मांडीवर. घाट चढताना गाडी हादरत होती आणि रिकामे सेल आत खुळखुळत होते. हळूहळू त्यांचा आवाज थांबला. चाचांनी पेटीवर थाप मारली आणि म्हणाले, "साहेब न्हाई बघाय. आता बसली."

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या साहेबाचं मला पटलं. वस्तू बघून सगळेच हो म्हंत्यात. बीएस्सी, निकाल लागला की मला तोंडी सांगाय येऊ नगंस. कागुद पाठव. मराठीत. मी बी तसाच तपासीन, पेटी म्होरं न ठेवता."

तो एक दावा, म्हणजे पेटीत आमचं नवीन काय ते नेमकं सांगणारा मजकूर, लिहायला मला सतरा दिवस लागले. 'फिक्स्ड' गेला. त्या जागी शेवटी जे आलं ते 'फ्री टू सेटल', बसायला मोकळा. तीन लहान शब्द, शाळेतल्या कुठल्याही पोराला येतील असे. पाठवण्याआधी मी वाक्यातला एकेक शब्द चित्राशी लावून बघितला आणि दोन शब्द काढून टाकले.

मुदतीच्या नऊ दिवस आधी स्वीकृतीचं पत्र आलं. मग जाहिरात झाली, हरकतीची मुदत सुरू झाली. ती संपेपर्यंत मी चाचांना काही कळवलं नाही. तेव्हा त्यांचं शेडवर येणं बंद झालं होतं. डोळ्यांना त्रास व्हायचा, दुकानातच बसत. ती मुदत संपल्यावर मी त्यांना हे पत्र टाकलं. त्याची नक्कल माझ्या वहीत आहे.

तीर्थस्वरूप चाचांस,

सादर नमस्कार.

निकाल कागदावरच कळवायचा, असं तुम्ही बजावलं होतं म्हणून लिहीत आहे. आपला अर्ज मंजूर झाला. जाहिरात झाल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. ते चार महिने काल संपले. कुणी हरकत घेतलेली नाही. शोधकाच्या जागी तुमचं पूर्ण नाव छापलेलं आहे, वडिलांच्या नावासकट. आमच्या फिटरनं तो छापील कागद बोर्डावर चिकटवला आहे आणि आता पेटी कुणाची असं विचारायला कुणी आलं, की तो बोटानं दाखवतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. चाकणला फटीबद्दल विचारायला आलो, त्याच्या आदल्या दिवशी मी ती खोडायला घेतली होती. ब्लेड लागलं होतं. ट्रेसिंगच्या आमच्या प्रतीवर, डाव्या रेघेला, ते अजून दिसतं. साहेबांकडची प्रत चांगली होती म्हणून निभावलं. मुंबईला साहेबांनी विचारलं तेव्हा हात सरकला नाही असं मी म्हणालो. ते त्या चित्राबद्दल खरं होतं. माझ्याबद्दल नव्हतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

पहिला दावा मराठीत करून खाली देतो. पेटी समोर न ठेवता वाचा.

'लाकडी पेटी, जिच्या तळाला दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतार आहे. त्या तळावर सेलांच्या दोन रांगा एकमेकींकडे झुकून उभ्या आहेत. रांगांच्या बाहेरच्या अंगाला भिंतीपर्यंत मोकळी जागा सोडलेली आहे. त्यामुळे पेटीला बसणाऱ्या प्रत्येक धक्क्यासरशी सेल आपले आपण बसत जातात.'

बसवलेले, बसवणे, बसवून, यांपैकी एकही शब्द मी कुठं येऊ दिलेला नाही. तीनदा तपासलं आहे. तरी तुम्ही बघा, आणि काही राहिलं असेल तर त्याच जागी खूण करून हा कागद परत पाठवा.

तुमचा,
बीएस्सी